धायरीतल्या एका सोसायटीचं मतदार यादीचं काम: ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

वहीत जशा होत्या तशाच टाकतेय, फक्त लोकांची नावं आणि फ्लॅट नंबर काढलेत आणि कुठंकुठं नंतरची ओळ जोडलीय. आम्ही सिंहगड रोडच्या बाजूला धायरीत राहतो, चार विंग, निम्मे भाडेकरू. टीम म्हणजे मी, बी विंगमधले रिटायर्ड शिक्षक काका, वकीलकाकू, कॉलेजची दोन पोरं आणि जमेल तसे येणारे आयटीवाले. दुसऱ्या कुठल्या सोसायटीला हेच करायचं असेल तर आमचे गेलेले रविवार तरी वाचतील.

११ ऑगस्ट, रविवार

क्लबहाऊसमध्ये पहिली मीटिंग. विषय एकच, लोकसभेला आपल्याकडं माती का झाली. आमचा भाग खडकवासला विधानसभेत, आणि खडकवासला लोकसभेला बारामतीत मोडतं, म्हणजे आमचं मतदान ७ मेला होतं. स्वारगेटकडं जाताना पर्वती लागतं ते पुणे लोकसभेत, त्यांचं १३ मेला. आता सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती पुण्याची पोस्टरं, १३ मे १३ मे करत, त्यामुळं सुट्टीत गावाला गेलेली चांगली तीन-चार कुटुंबं १२ तारखेला संध्याकाळी बॅगा घेऊन परत आली, मतदानाला म्हणून, आणि गेटवर कळलं की ते पाच दिवसांपूर्वीच झालं.

मीटिंगमध्ये परत तेच सुरू झालं, रांगोळी काढू, शपथ घेऊ, सेल्फी पॉइंट करू. सेल्फी पॉइंट लोकसभेलाही केला होता. त्या फ्लेक्ससमोर बोट वर करून फोटो काढलेल्या एका जोडप्याचं नाव यादीतच नव्हतं, त्यांनी फोटो आधी काढला आणि केंद्रावर नंतर गेले. म्हणून यावेळी विधानसभेला ठरवलं की 'मतदान करा' असं कुणालाही सांगायचं नाही. फक्त यादीत नाव आहे का, कुठल्या भागात आहे (भाग म्हणजे एका मतदान केंद्राची यादी), नसेल तर कुठला फॉर्म, आणि उमेदवार ठरले की त्यांच्या प्रतिज्ञापत्रातली माहिती एका कागदावर. बास.

नियमही तिथंच ठरले. कोणाला मत देणार हे विचारायचं नाही, कोणी आपणहून सांगायला लागलं तर विषय बदलायचा. सी विंगमधले एक गृहस्थ एका पक्षाचे पदाधिकारी आहेत, माणूस कामाचा आहे, मदत करतो म्हणाले. त्यांना सांगितलं खुर्च्या लावा, लोकांना बोलवा, पण टेबलावर बसू नका. थोडं तोंड पडलं त्यांचं. पण दुसऱ्या पक्षाच्या माणसालाही हेच सांगणार म्हटल्यावर हसले.

१८ ऑगस्ट

यादी डाऊनलोड केली. निवडणूक आयोगाच्या साइटवर जिल्हा, मतदारसंघ, भाषा निवडली की भागवार पीडीएफ मिळते, दर वेळी कॅप्चा. आयटीवाल्यांना वाटलं पीडीएफ आली की सर्च मारू आणि दहा मिनिटांत संपलं. पण ती पीडीएफ म्हणजे नुसते फोटो असतात, त्यात अक्षर शोधता येत नाही. एका पानावर तीस चौकोन, एका भागात हजार-बाराशे नावं. एकानं ते फोटो वाचणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं तर 'कुलकर्णी' चे चार प्रकार निघाले, तो नाद अर्ध्या दिवसात सोडला.

शेवटी शिक्षक काकांनी प्रिंट काढून आणल्या, फूटपट्टी घेतली आणि ओळीनं वाचत गेले. पेपर तपासल्यासारखं. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त नावं त्या फूटपट्टीनंच सापडली. आणि त्यातनं कळलेली मोठी गोष्ट म्हणजे आमची सोसायटी एका भागात नाहीचे. पत्ता कुणाचा सर्व्हे नंबरवर, कुणाचा जुन्या वाडीच्या नावावर, कुणाचा नुसता 'धायरी'. एका घरात नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, सासरे अजून साताऱ्यातच.

एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. यादीच्या शेवटी पुरवणी यादी असते, वाढलेली नावं, वगळलेली नावं, दुरुस्त्या. पहिल्या फेरीत आम्ही मूळ यादी वाचून 'नाव नाही' असं लिहून टाकलं होतं, त्यातली बरीच मागं पुरवणीत निघाली. आणि मूळ यादीत ज्या चौकोनावर आडवा 'वगळले' चा शिक्का असतो तो काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये इतका फिका येतो की वाचणारा सरळ पुढं जातो.

२५ ऑगस्ट

गूगल फॉर्म पाठवला होता, 'तुमचा मतदार कार्ड नंबर भरा'. आला प्रतिसाद फारच थोडा, आणि आला तो ज्यांची नावं आधीच व्यवस्थित आहेत त्यांचाच. अडचण असलेला माणूस फॉर्म भरत नाही, त्याला मुळात आपली अडचण आहे हेच माहीत नसतं.

म्हणून दारोदार. पोरांनी विंग वाटून घेतल्या, संध्याकाळी साडेसात ते नऊ, कारण त्याआधी कुणी घरी नसतं आणि नऊनंतर बेल वाजवली की लोक चिडतात. हातात एकच तक्ता: नाव, कार्ड नंबर, आत्ता नाव कुठं आहे, काय पाहिजे. कार्ड नंबर टाकला की मोबाईलवर लगेच कळतं नाव कुठल्या मतदारसंघात, कुठला भाग, कुठला अनुक्रमांक. नावानं शोधायला गेलं की मात्र कसरत, ज्योत्स्नाची 'जोसना', ढवळेंचे 'धवळे'. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावानं शोधलं तर कधीकधी सापडतं.

१ सप्टेंबर

वकीलकाकू आज भडकल्या आणि बरोबर भडकल्या. लोकांनी आधार कार्डाचे, लाईट बिलाचे फोटो आमच्या कामाच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली होती, आम्हीही 'टाका टाका' म्हणत होतो कारण फॉर्म भरायला सोपं जायचं. अठ्ठावीस लोकांच्या ग्रुपवर शेजाऱ्यांची आधार कार्डं. सगळं डिलीट करायला लावलं, पण ज्याच्या फोनमध्ये आपोआप सेव्ह होतं त्याचं काय. आजपासून नियम: कागद ज्याचा त्याच्याच मोबाईलमध्ये, फॉर्म ज्याचा त्यानं स्वतः भरायचा, आपण शेजारी बसून फक्त दाखवायचं. वेळ दुप्पट लागतो. पण पुढं १६ तारखेला जे झालं ते बघता हेच करायला हवं होतं पहिल्यापासून.

७ ते ११ सप्टेंबर, गणपती

सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा. मांडवाशेजारी टेबल टाकलं, एक लॅपटॉप, एक एक्स्टेंशन बोर्ड. दारोदार फिरून जेवढं झालं नाही तेवढं या पाच संध्याकाळींत झालं. आरती संपली की प्रसादाच्या रांगेतनं लोक सरळ टेबलाकडं. बायका जास्त आल्या, घरातल्या सगळ्यांची कार्डं पिशवीत घालून. दुसऱ्या दिवसापासून माईकवर सांगायला लागलो की कार्ड नसेल तरी चालेल, मोबाईल मात्र आणा, ओटीपी लागतो.

सिक्युरिटीवाले मामा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी टेबलाकडं येईनात, 'आमचं गावाकडं आहे' म्हणून लांबनंच जायचे. शिक्षक काका स्वतः गेटवर जाऊन बसले. एका मावशीचं नाव नांदेड जिल्ह्यात, इथं आठ वर्षं राहतात, भाड्याच्या खोलीत, करारनामा वगैरे काही नाही. पण बँकेचं पासबुक इथल्या पत्त्याचं निघालं आणि ते चालतं. आम्ही उगीचच त्यांच्या घरमालकाच्या मागं लागणार होतो.

१६ सप्टेंबर

काही ज्येष्ठांनी ऑनलाइन नको म्हणून कागदावर फॉर्म भरून आमच्याकडं दिले होते. पोरगा गठ्ठा घेऊन जमा करायला गेला आणि तसाच परत आला. एका माणसानं किंवा संस्थेनं गठ्ठ्यानं आणलेले अर्ज घेत नाहीत, घरच्यांचे असतील तरच घेतात. पक्षाच्या बूथ लेव्हल एजंटालासुद्धा एका दिवसात दहाच देता येतात. पोरगा वैतागला होता पण नियम मला पटला, नाहीतर उद्या कोणीही उठून शंभर माणसं यादीत घालेल.

उपाय: नातवंडांना कामाला लावलं. आजोबांच्या शेजारी बसून आजोबांच्या मोबाईलवर फॉर्म भर, रेफरन्स नंबर वहीत लिही. तो नंबर लिहिला नाही तर पुढं काहीच शोधता येत नाही.

२९ सप्टेंबर

नाकारलेले अर्ज यायला लागले. कारणं बघितली तर जवळजवळ सगळी आमच्याकडचीच:

पहिलं आणि सगळ्यात मोठं, चुकीचा फॉर्म. ज्याचं नाव आधी कुठंही, अगदी लातूरला असलं तरी, त्यानं फॉर्म ६ भरायचा नाही. फॉर्म ६ आयुष्यात पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. जागा बदलली तर फॉर्म ८. पूर्वी मतदारसंघ बदलला की ६ च भरायचे, २०२२ मध्ये ते बदललं, पण लोकांच्या (आणि शिक्षक काकांच्याही) डोक्यात जुनंच. शिवाय ६ मध्ये आपण सही करतो की माझं नाव दुसरीकडं नाही. ते खोटं ठरलं तर कायद्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे वकीलकाकूंनी सांगितल्यावर सगळे एकदम सरळ बसले.

दुसरं, घराला कुलूप. बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर, भागाच्या यादीचं सरकारी काम बघणाऱ्या) ताई पडताळणीला येतात दिवसा, तेव्हा आमच्याकडं नवरा-बायको दोघं कामावर. ताईंना फोन केला, त्या शाळेतल्या शिक्षिका, शाळा सांभाळून हे काम करतात. शनिवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये बसायला तयार झाल्या. आम्ही इंटरकॉमवरनं एकेकाला खाली बोलवलं, दोन तासांत ताईंचं जे काम पंधरा दिवस रखडलं होतं ते उरकलं. चहा दिला तर म्हणाल्या, 'सोसायट्यांमध्ये गेटवरच थांबवतात हो आम्हाला, कुणाकडं आलाय, नंबर सांगा, एंट्री करा.' त्या दिवसापासून गेटवर सांगून ठेवलंय.

तिसरं, फोटो. सेल्फी, मागं पडदा, चष्म्यावर चमक. पांढऱ्या भिंतीसमोर परत काढले.

६ ऑक्टोबर

सुनांचा घोळ. लग्न होऊन आलेल्या बायकांची नावं माहेरच्या गावी, माहेरच्या आडनावानं. म्हणजे पत्ताही बदलायचा आणि नावही. फॉर्म ८ मध्ये मात्र स्थलांतर, दुरुस्ती, नवीन कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद यातलं एका वेळी एकच निवडता येतं. आम्ही दोघी-तिघींचं आधी नाव दुरुस्तीला टाकलं, तो अर्ज गेला माहेरच्या मतदारसंघात, तिथं बीएलओ घरी गेला तर मुलगी पुण्यात. आता क्रम पक्का: आधी स्थलांतर, ते मंजूर झालं की मग नाव. विधानसभेपुरतं नुसतं स्थलांतर झालं तरी पुष्कळ, मत जुन्या नावानंही देता येतं.

आणि गावाकडच्या नावाचा प्रश्न. इथं दहा-दहा वर्षं राहणारी माणसं नाव हलवायला तयार नाहीत, कारण ग्रामपंचायतीला भावकीला एक मत कमी पडेल. एक जण म्हणाले, 'सरपंचकीला आमच्याकडं चार मतांनी पडलंय माणूस, नाव काढलं तर मोठे बंधू घरात घेणार नाहीत.' पोरं त्यांच्याशी वाद घालायला लागली, इथं पाणी पिता मग इथं मत द्या वगैरे. थांबवलं. दोन्हीकडं नाव ठेवता येत नाही एवढं सांगायचं, कुठं ठेवायचं ते त्यांचं ते बघतील. गावात नाव ठेवून मत देणं यात कमीपणाचं काही नाही, उलट तिकडं जाऊन देतात ते लोक.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

घोषणा झाली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी. आणि नाव नोंदवायची शेवटची तारीख १९ ऑक्टोबर, म्हणजे हातात चार दिवस. अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधी साधारण दहा दिवस दार बंद होतं. हे आम्ही ऑगस्टपासून सांगत होतो तरी आज ग्रुपवर मेसेजचा पूर.

कॉलेजची पोरं या चार दिवसांत खरी उपयोगाला आली. १ ऑक्टोबरला ज्यांना अठरा पूर्ण झाली तीही यात बसतात, हे बऱ्याच आईबापांना माहीत नव्हतं, त्यांच्या डोक्यात अजून १ जानेवारीच. आता वर्षातनं चार तारखा असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची एक तारीख. १९ ला शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत बसलो. शेवटचा फॉर्म ए विंगमधल्या मुलीचा, तिचा दहावीचा दाखला आजोळी आणि मामा फोनवर फोटो पाठवतोय तो हललेला. तिसऱ्या फोटोला जमलं.

२४ ऑक्टोबर

घरून मतदान. ८५ च्या वर वय किंवा ४० टक्के आणि त्यावर दिव्यांगत्व असेल तर फॉर्म १२ डी, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. अधिसूचना २२ ची, म्हणजे २७ पर्यंत.

एक लक्षात ठेवा, आजी-आजोबांना आधी विचारा. एका घरात मुलानं परस्पर 'हो' सांगितलं होतं आणि आजी म्हणाल्या मी मशीनचं बटण दाबणार, घरी चिठ्ठीबिठ्ठी नको. एकदा घरून मतदानाला मंजुरी मिळाली की केंद्रावर जाऊन देता येत नाही, त्यामुळं नशीब की फॉर्मवर अजून अंगठा झाला नव्हता. दुसऱ्या आजी खऱ्या ८८ च्या, पण यादीत वय लागलंय ८१, त्यामुळं त्या यात बसेचनात. यादीतलं वय कुणी बघतच नाही, तिथंही फॉर्म ८ लागतो आणि तो वेळेत लागतो. त्यांच्यासाठी २० तारखेला व्हीलचेअर ठरवली.

३१ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर

प्रतिज्ञापत्रांचं काम, तेही ऐन दिवाळीत. यावर सगळ्यात जास्त भांडणं झाली म्हणून सविस्तर लिहितेय.

उमेदवारी अर्जांची मुदत २९ ला संपली, छाननी ३० ला. प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या साइटवर दिसतं, नमुना २६, कुणाचं वीस पानी कुणाचं पन्नास, स्कॅन केलेलं, काही हातानं भरलेली. आम्ही लगेच ३१ ला कामाला लागलो आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा पोरांनी दोन तास घातले. ४ तारखेला माघारीची मुदत संपली आणि आमच्या तक्त्यातले काही जण गळाले. तो वेळ पाण्यात. माघारीपर्यंत हात लावू नका, फराळ करा.

भांडण पहिलं: क्रम. मोठे पक्ष आधी की अपक्षही मध्ये? कुणाचं नाव वर आलं की कुणाला तरी संशय येणारच. तोडगा सोपा निघाला, मतपत्रिकेवरचाच क्रम. त्यात आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं मराठी वर्णानुक्रमानं. आयोगानं लावलेला क्रम, आम्हाला विचारू नका.

दुसरं: गुन्ह्यांचा रकाना. पोरांनी नुसता आकडा लिहिला होता, याच्यावर इतके, त्याच्यावर तितके. वकीलकाकू म्हणाल्या असं चालणार नाही. आंदोलनात रस्त्यावर बसलं तरी जमावबंदी मोडल्याचा गुन्हा लागतो, कलम १८८, कलम १४३, आणि फसवणुकीचा गुन्हा वेगळा, मारहाणीचा वेगळा. आकडा सगळ्यांना एका दावणीला बांधतो. मग प्रत्येक खटल्याचं कलम आणि ते कशाबद्दल आहे हे चार शब्दांत, आणि आरोप निश्चित झालेत का ते. कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची, कारण नवीन न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनची. कागद एकाचा दोन झाला पण मला वाटतं या दोन पानांतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

तिसरं: मालमत्ता. एक जण म्हणाले काढून टाका, लोक तेवढंच वाचतात आणि 'बघा किती कमावलं' सुरू होतं. दुसरे म्हणाले तेवढंच तर वाचायचं असतं. ठेवलं, पण सोबत कर्ज, सरकारी थकबाकी आणि पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्नही ठेवलं. वडिलोपार्जित जमिनीची किंमत रिंगरोड आला की नुसती बसून वाढते, हेही लोकांना कळतं, आपण समजावायला जाऊ नये.

चौथं थोडं वेगळं. लोकांकडनं उमेदवारांना विचारायचे प्रश्न मागवले होते. आलं काय, टँकर, कचरा, रस्त्यावरचे दिवे, कुत्री. सगळी महापालिकेची कामं. धायरी २०१७ ला महापालिकेत आलं, आणि तेव्हा मार्च २०२२ पासून पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकावर चाललं होतं, तर माणूस बिचारा विचारणार कुणाला, जो दारात येईल त्याला विचारणार. म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला अर्धं पान: आमदार काय करू शकतो. कायदे, अर्थसंकल्प, अधिवेशनात प्रश्न, वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी. आणि काय त्याच्या हातात नाही. हे अर्धं पान लिहायला प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त त्रास झाला कारण प्रत्येक वाक्यात कुणाला ना कुणाला टोमणा दिसायचा.

उरलेले प्रश्न सगळ्या उमेदवारांना लेखी पाठवले. थोड्यांचीच उत्तरं आली. पोरं म्हणाली आलेली छापू, न दिलेल्यांपुढं रेघ मारू. मी नाही म्हटलं. पंधरा दिवसांत शंभर गावं फिरणाऱ्या माणसाला आमचा कागद मिळालाच असेल याची खात्री कोण देणार, आणि ती रेघ म्हणजे सरळ सरळ एका बाजूचा प्रचार झाला असता. पोरं दोन दिवस बोलली नाहीत माझ्याशी.

१३ नोव्हेंबर

छपाई. झेरॉक्सच काढतोय म्हणून निवांत होतो. वकीलकाकूंनी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ दाखवलं: निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, आणि हातानं नक्कल सोडून बाकी कशानंही प्रती काढल्या तरी ती छपाईच, म्हणजे झेरॉक्ससुद्धा. आमचा कागद कुणाच्या प्रचाराचा नाही, तरी वाद नको म्हणून तळाला काकूंचं नाव, सोसायटीचा पत्ता आणि झेरॉक्सवाल्याचं नाव टाकलं. झेरॉक्सवाला खूश, फुकट जाहिरात.

प्रत्येक फ्लॅटला एकच प्रत, दारात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल मुद्दाम टाकली नाही. फाइल गेली की कुणीतरी दोन ओळी बदलून आमच्या नावानं पुढं ढकलणार, हे लोकसभेला दुसऱ्या एका पत्रकाचं झालेलं बघितलं होतं. तरी कुणीतरी फोटो काढून फिरवलाच, पण निदान मूळ कागद घराघरात होता.

१९ नोव्हेंबर

एकच मेसेज, मोठ्या अक्षरात: उद्या बुधवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ६. मोबाईल घरी ठेवा, केंद्राच्या शंभर मीटरमध्ये चालत नाही (हा २०२४ चा नियम). म्हणजे मोबाईलमधलं डिजिटल कार्ड दाखवून भागणार नाही, खरं कार्ड किंवा आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक यातलं काहीतरी हातात घ्या. मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. लोकसभेनंतर केंद्रांची फेररचना झालीय, मे महिन्यात गेला होतात त्याच शाळेत जाऊ नका, आधी भाग नंबर बघा.

२० नोव्हेंबर

साडेसहापासून गेटच्या आत टेबल. काम एवढंच, नाव सांगा, भाग नंबर, अनुक्रमांक आणि शाळेचं नाव चिठ्ठीवर लिहून देतो. दहाच्या सुमारास क्लबहाऊसचं नेट गेलं आणि दुपारपर्यंत आलंच नाही. काकांच्या फूटपट्टीवाल्या प्रिंट, त्यांच्या मागं स्टेपल केलेली पुरवणी, त्यावर दिवस निघाला.

मेसेज वाचूनही लोक जुन्या शाळेत गेलेच. तिथनं हेलपाटा मारून आलेले चिडलेले असतात, त्यांना पाणी द्यायचं आणि वाद घालायचा नाही. वाहनाची सोय करा म्हणून खूप जण मागं लागले. उमेदवाराच्या वतीनं मतदारांना गाडीनं नेणं हा गुन्हा आहे, आणि आमची गाडी कुणाची समजली जाईल याचा नेम नाही, म्हणून शेजाऱ्यानं शेजाऱ्याला नेलं तर नेलं, सोसायटीची गाडी नाही. ८८ च्या आजी व्हीलचेअरवरनं गेल्या. परत येऊन म्हणाल्या, कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणतात, मला तर नीट वाचता आली, डोळे चांगलेत माझे.

पावणेसहाला एक आयटीवाले पळत आले, ऑफिसनं सुट्टी दिली होती पण हे झोपले होते. सहाच्या आत रांगेत उभं राहिलं की नंबराची चिठ्ठी मिळते आणि मत देता येतं. मिळालं त्यांना.

नऊ-दहा जण मात्र नाव न सापडता परत गेले. त्यातले निम्मे असे की ऑगस्टमध्ये दार उघडून 'आमचं आहे हो सगळं व्यवस्थित' म्हणाले होते. पुढच्या वेळी 'आहे' असं ऐकून घ्यायचं नाही, अनुक्रमांक बघितल्याशिवाय तक्त्यात टिक नाही.

२४ नोव्हेंबर

हिशोब. प्रिंट आणि झेरॉक्स ३,४०० रुपये, चहा-बिस्किटं ९००, व्हीलचेअरचं भाडं ३००. फ्लेक्स शून्य. पैसे टीमनंच घातले, सोसायटीच्या फंडातनं घेतले नाहीत, नाहीतर एजीएममध्ये कुणीतरी पक्ष काढला असता त्यातनं.

टक्का किती वाढला विचारतायत सगळे. सांगता येत नाही. आमची सोसायटी चार-पाच भागांत विखुरलेली, केंद्राच्या आकड्यात आमचे किती कसं काढणार. शाईचं बोट बघून गेटवर मोजू या असं एकानं सुचवलं होतं, ते मी हाणून पाडलं, कुणी मत दिलं नाही याची हजेरी घेणं आपलं काम नाही. राज्यातच २०१९ ला ६१ टक्क्यांच्या आसपास होतं ते यंदा ६६ च्या आसपास गेलं, त्यात आमचा वाटा काढत बसणं म्हणजे फुशारकी.

दारोदारचा तक्ता आज फाडला, त्यात लोकांचे कार्ड नंबर होते. ठेवलं ते असं: कुठल्या विंगचे पत्ते कुठल्या भागात लागलेत ती यादी, फॉर्म ८ चा क्रम, कोऱ्या तक्त्याचा नमुना. महापालिकेची निवडणूक लागेल तेव्हा राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी प्रभागांमध्ये तोडून वापरतो, वेगळी नोंदणी नसते, म्हणजे जी नावं आत्ता दुरुस्त झाली तीच तिथं. तेव्हा परत प्रभाग बघावा लागेल, कारण तोडताना समोरची विंग पलीकडच्या प्रभागात गेली असं होतं.

सतरा पूर्ण झालेल्या पोरांना आधीच अर्ज भरून ठेवता येतो, त्यांची नावं कॉलेजवाल्या दोघांकडं दिलीत. भाडेकरू बदलतात मार्च ते जूनमध्ये, म्हणून नवीन भाडेकरूच्या फॉर्ममध्ये 'मतदार यादीत नाव कुठं आहे' ही एक ओळ घालायची ठरलंय, उत्तर देणं ऐच्छिक. सेक्रेटरी हो म्हणालेत, पण जुने फॉर्म दोनशे छापून पडलेत, ते संपल्यावर बघू म्हणतात. काका म्हणाले तोवर रबरी शिक्का करून घेऊ, दीडशे रुपये.